कागदाची घडी

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या यवतमाळच्या एका परिचर्या महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर, कुटुंब आरोग्य परिचर्या हा विषय शिकविण्यास मी रुजू झाले, तेव्हा पहिल्या तासाला काय घेऊन जावे असा प्रश्न मला पडलाच नाही; माळ्यावरची घरभेटीची जुनी बॅग मी खाली काढली आणि तिच्याबरोबर एक शिळे वर्तमानपत्र घेतले.

विद्यार्थिनींना त्या बॅगेतील स्पिरिटच्या दिव्याचे आणि लघवीत साखर असल्यास उकळताच निळ्याचे हिरवे, पिवळे व अखेरीस विटकरी होणाऱ्या बेनेडिक्टच्या द्रावणाचे मोठे अप्रूप. परंतु या विद्येचे मर्म त्या वर्तमानपत्रात आहे. घरात शिरल्यावर ते पसरायचे, बॅग त्यावरच ठेवायची, बाहेरच्या कप्प्यातून साबण व टॉवेल काढून हात धुवायचे, मगच बॅग उघडायची, आणि निघताना जमिनीला लागलेली बाजू आत राहील अशी कागदाची घडी घालायची, हा क्रम मला शिकविला गेला तो एका घरचे जंतू दुसऱ्या घरी जाऊ नयेत म्हणून. मी मात्र तरुणपणाच्या ताठ्यात त्याचा सोयीस्कर अर्थ लावला की, घर तेवढे मलिन आणि बॅग तेवढी पवित्र.

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावर बाळंतीण पाहावयास गेले असता, मी सवयीने कागद पसरला, तोच दारातून तिची सासू म्हणाली, "बाई, भुई त आत्ताच सारवली, मंग कागद कायले?" शेणातील धनुर्वाताच्या जंतूंचा पाठ मला मुखोद्गत होता, पण तो ओठांवर येईना, कारण ओल्या जमिनीवर तिच्या बोटांनी उमटविलेली अर्धवर्तुळे एकात एक गुंफलेली दिसत होती आणि नेमकी त्यांच्यावरच मी कालची बातमी अंथरली होती. वेळ मारून नेण्यासाठी मी म्हटले, "आजी, ही बॅग चार घरं फिरून आली आहे, तिची घाण तुमच्या भुईला लागू नये म्हणून." म्हातारीचे समाधान झाले, तिने हात धुवायला लोटाभर पाणी दिले; आणि त्या पाण्याखाली हात धरताना मला उमगले की, सबब म्हणून सांगितले ते अक्षरशः खरे होते.

घरात काय शिरते आणि कशाच्या वाटेने, याचा शोध म्हणजेच हा विषय. २०१७ साली कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी मुलींना बजावते की, फवारणाऱ्याची नाडी पाहून उठू नका. त्याचा भिजलेला सदरा कोण धुते आणि त्याच बादलीत लेकराचे झबले पडते काय, तेही विचारा.

परवा एका तांड्यावर प्रात्यक्षिक परीक्षा होती. एक विद्यार्थिनी कागद उलगडण्यापूर्वी घरच्या बाईंना म्हणाली, "मावशी, बॅग कुठं ठेवू?" गुणपत्रकात या प्रश्नासाठी रकाना नाही, हात धुण्याच्या रकान्यात मी तिला पूर्ण गुण देऊन टाकले.