तुझ्या ग्रीनकार्डाच्या रांगेमागचा माणूस

चि. सायली,


परवा फोनवर तू वैतागून विचारलंस, "मामा, ग्रीनकार्डाला देशागणिक मर्यादा कशाला? आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं का खोळंबायचं?" ते समजायला इमॅन्युएल सेलर यांची गोष्ट कळायला हवी.

सेलर ब्रुकलिनचे. कॉलेजात असतानाच आईवडील गेले, तेव्हा वाइन विकून घर चालवत ते वकील झाले. मार्च १९२३ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले आणि जानेवारी १९७३ पर्यंत तिथेच होते. पन्नास वर्षांना दोनच महिने कमी! नेमक्या १९२३ च्या फेब्रुवारीतच तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं होतं, की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही.

पुढच्याच वर्षी स्थलांतराचा नवा कायदा आला. त्यातली मेख बघ. हाताशी १९२० ची जनगणना असताना कोटा ठरवला १८९० च्या जनगणनेवरून, त्या वेळी अमेरिकेत असलेल्या त्या त्या देशाच्या लोकांच्या दोन टक्के. इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर, म्हणजे त्यांना दार जवळपास बंद. आशियाला तर पूर्णच. सेलर यांचे मतदार हेच स्थलांतरित. नवखे असूनही ते सभागृहात कडाडून विरोधात बोलले आणि हरले.

पण त्यांनी विषय सोडला नाही, आणि मला त्यांचं मोल वाटतं ते यासाठी. १९४६ मध्ये काँग्रेसमधल्या सहकारी क्लेअर बूथ लूस यांच्यासोबत त्यांनी कायदा करून घेतला. भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण वर्षाला प्रवेश जेमतेम १०० जणांना. मग १९६५ चा हार्ट-सेलर कायदा. वंशावर बेतलेले कोटे गेले आणि आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या प्रत्येक देशाला सारखीच २०,००० ची मर्यादा मिळाली. ब्रिटनला जेवढी, तेवढीच भारताला! त्या काळी हा केवढा न्याय होता, विचार कर. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीनकार्डं नाहीत, ही आजची अट त्याच तत्त्वातून आली. अर्ज करणारे भारतीय इतके वाढले, की तीच समानता आता तुम्हाला जाचते.

आशियातून फारसे लोक येणार नाहीत, असं सेलर यांनी तेव्हा सभागृहाला सांगितलं होतं, कारण बोलावून घ्यायला त्यांचे नातलगच अमेरिकेत थोडे होते. पण कायद्यात शिकलेल्या, व्यावसायिक माणसांनाही प्राधान्य होतं. आपले डॉक्टर, इंजिनिअर त्या वाटेने गेले आणि मग त्यांनी भावंडांना बोलावलं. तुझे चुलतसासरे १९७० साली गेले ते असेच.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं विधेयकही सेलर यांनीच मांडलेलं. मात्र न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी वर्षानुवर्षं अडवून धरली. हे मला क्षम्य वाटत नाही. दारं उघडण्यासाठी चार दशकं झटलेल्या माणसाने हे दार का रोखावं? १९७२ मध्ये एलिझाबेथ होल्ट्झमन ही तिशीतली वकील पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. टूथपिकने वॉशिंग्टन स्मारक पाडायला निघालीय, अशी त्यांनी तिची खिल्ली उडवली. तिने त्यांना हरवलं.

तरी त्यांची चिकाटी घेण्यासारखी: कोटे हटवायला १९२४ पासून १९६५ पर्यंत एकेचाळीस वर्षं लागली. तुमच्या सात टक्क्यांच्या अटीवरही तिथे विधेयकं येत असतात, तेव्हा तुमच्या खासदाराला पत्र लिहायला कंटाळू नकोस. जुन्या अर्जांच्या प्रती नीट जपून ठेव. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा