सेडान आणि कोच रस्त्याच्या कोपऱ्यावर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहरापासून पंचवीसेक मैलांवर कॅनापोलिस नावाचे गाव आहे. गोकाक फॉल्सची गिरणी आणि तिची वसाहत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गावाची घडण वेगळी सांगायला नको. कॅनन मिल्स ही टॉवेल-चादरींची प्रचंड गिरणी. घरे गिरणीची, दुकाने गिरणीची. 1984 पर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती!

इथल्या एका वस्तीत रस्त्यांना मोटारींच्या प्रकारांची नावे आहेत. त्यांतल्या सेडान आणि कोच रस्त्यांच्या कोपऱ्यावर राल्फ अर्नहार्ट राहत. 1953 साली त्यांनी गिरणीची नोकरी सोडली आणि घरामागच्या गॅरेजात गाड्या बांधून, त्या शर्यतीत पळवून पाच मुलांचा संसार चालवला. 1956 साली ते ‘स्पोर्ट्समन’ गटाचे राष्ट्रीय विजेते झाले.

या शर्यती ‘स्टॉक कार’च्या. गाडी दिसायला बाजारातल्यासारखी, आतून शर्यतीसाठी बांधलेली. मैलापेक्षा कमी घेराच्या लंबगोल धावपट्टीला ‘शॉर्ट ट्रॅक’ म्हणतात. त्या काळी अशा बऱ्याच धावपट्ट्या मातीच्याच होत्या. सरळ भाग संपतो न संपतो तोच वळण येते आणि मागची चाके घसरू देतच ते घ्यावे लागते. दुसऱ्याला घासल्याशिवाय पुढे जायला जागा मिळत नाही. आपल्याकडे पैलवान जत्रेतल्या नारळाच्या कुस्तीपासून वर चढतो, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे मोडलेली गाडी स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावी लागते.

राल्फ यांचा मुलगा डेल 1951 सालचा. शर्यतीच्या वेडापायी त्याने शाळा सोडली. मुलाने शिकावे ही बापाची इच्छा, ती राहिलीच. वर्गात हा भाग सांगताना मी जरा अडखळतो. दिवसा वेल्डिंगसारखी कामे आणि रात्री माती, असे त्याचे दिवस चालले. 1973 साली राल्फ हृदयविकाराने गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पाठीशी आता कोणी नव्हते, पदरी मुले होती. डेल अल्प मुदतीचे कर्ज काढायचा आणि बक्षिसातून ते फेडायची आशा ठेवायचा. बक्षीस हुकले की कर्ज तसेच राहायचे.

1975 साली शार्लटच्या सहाशे मैलांच्या मोठ्या शर्यतीत त्याला पहिली संधी मिळाली. तो बाविसावा आला. पुढे संधी सहज येत गेल्या असे कोणी समजू नये. 1978 अखेरपर्यंतच्या चार वर्षांत वरच्या पातळीवर त्याला एकूण नऊच शर्यती मिळाल्या. 1979 साली मात्र पूर्ण हंगामासाठी गाडी मिळाली आणि वरच्या पातळीवरचा पहिला विजय त्याने ब्रिस्टलला मिळवला. ब्रिस्टलही शॉर्ट ट्रॅकच, जेमतेम अर्ध्या मैलाचा! 1980 साली तो विजेता झाला. पुढे एकूण सात अजिंक्यपदे त्याच्या नावावर लागली. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, अपघातात तो गेला.

दोन वर्षांनी, 2003 मध्ये, गिरणीही बंद पडली आणि हजारो लोक बेकार झाले. पुढे इमारती पाडून त्या जागेवर संशोधन केंद्र उभे राहिले. गावात डेलचा नऊ फुटी पुतळा आहे. अंगात शर्यतीचा पोशाख नाही. साधी जीन्स, शर्ट आणि हाताची घडी.