शेवटच्या वाफ्याचे पाणी

कळंब तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी अक्षराचे काहीही घरी आले, की ते माझ्याच पुढ्यात येते. मग ते बँकेचे पत्र असो नाहीतर औषधाची बाटली.

आप्पांना ६ वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. मागच्या वर्षी पुण्याच्या मामेभावाने त्यांच्यासाठी साखर मोजणारी नवी चकती पाठवली. रुपयापेक्षा थोडी मोठी. दंडाच्या मागे चिकटवली, की १४ दिवस आकडा मोबाइलवर दिसत राहतो. बोट टोचायला नको, म्हणून आप्पा लहान मुलासारखे हरखले.

तिसऱ्या रात्री मोबाइल ओरडू लागला. आकडा ५८! साखर ७० च्या खाली गेली की धोका, हे मला ठाऊक होते. आई साखरपाणी करायला धावली. मी जुन्या यंत्रावर बोट टोचून पाहिले, तर ११७. आप्पा चकतीच्याच कुशीवर निजले होते. दंड दबला की आकडा उगाच घसरतो, हे मागाहून कळले. त्या रात्री आम्ही सगळे हसलो.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. सोयाबीन काढताना भर उन्हात आप्पांचे हात थरथरू लागले, घाम सुटला. आई म्हणाली, "आधी गूळ दे गं त्यांना." मी मोबाइल पाहिला. ८८. "साखर बरोबर आहे, ऊन लागलंय," असे मी शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात सांगितले. थोड्याच वेळात आप्पा बांधावर मटकन बसले आणि ओळख नसल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले. बोट टोचले, तर ५४. गूळ पोटात गेल्यावर पाव तासाने ते बोलते झाले.

त्या रात्री शब्दकोश घेऊन माहितीपत्रक पहिल्यापासून वाचले. चकती रक्तातली साखर मोजतच नाही. ती कातडीखालच्या, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते. रक्तातला बदल तिथे पोचायला काही मिनिटे लागतात. साखर झपाट्याने उतरत असली, तर आकडा मागेच रेंगाळतो. बोट टोचायचे यंत्रही अगदी काटेकोर नसतेच; २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

आप्पांना हे समजावू लागले, तर तेच म्हणाले, "म्हंजे मोटार बंद केली तरी शेवटच्या वाफ्यात पाणी येतच राहतंय, तसं. वाफा बघून मोटार चालू हाय म्हणायचं नसतंय, पोरी."

१४ दिवस संपले. दुसरी चकती घेण्याची ऐपत नाही. पुन्हा बोट टोचणे आणि वहीत आकडा लिहिणे सुरू झाले आहे. पण त्या वहीच्या पहिल्या पानावर मी एक नियम लिहून ठेवला आहे : हात थरथरले, की आकड्याची वाट न पाहता आधी गूळ.

हा नियम माहितीपत्रकातला नाही, माझ्या निरक्षर आईचा आहे.