आधी जमीन बघा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरग्यात एक पत्र्याचं शेड होतं. त्या शेडच्या मालकाला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं, मी चाचा म्हणायचो. वडिलांची जुनी ॲम्बॅसिडर आजही माझ्या दारात सरळ उभी आहे. ती पुढून झुकलेली नाही, तिचे टायर एका बाजूनं खाल्लेले नाहीत, खड्ड्यात तिचं नाक आपटत नाही. हे सगळं त्या शेडमधून आलेलं आहे. आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण माप कसं घ्यायचं हे मला आधी चाचांनी शिकवलं.

वडील डॉक्टर. उमरगा, मुरूम, लोहारा, थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्या काळी आमच्या भागात मोटार म्हटली की दोनच नावं पुढं यायची. एक फियाट, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. दुसरी बंगालातल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर. वडिलांनी ॲम्बॅसिडर घेतली, कारण पेशंटला मागच्या सीटवर आडवं झोपवता यायचं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली, आणि चारच्या आत जमीन हलली. भूकंपाला जिचं नाव मिळालं ती किल्लारी लातूर जिल्ह्यातली, पण सास्तूर आणि आसपासची गावं आमची, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. वडील पहाटेच औषधं घेऊन सास्तूरकडं निघाले. चाचा न बोलावता आले आणि शेजारच्या सीटवर बसले. पाने, जॅक, पंक्चरचं सामान त्यांनी सोबत घेतलं होतं. "डॉक्टरसाब, तुम्ही माणसं बघा, गाडी मी बघतो," एवढंच ते म्हणाले. पुढचे कित्येक दिवस ती गाडी पाऊस, चिखल, दगडगोटे यांतून जखमी माणसं आणि सलाइनची खोकी वाहत राहिली. क्षमतेपेक्षा जास्त वजन घेऊन ती धावली आणि कुठं अडली नाही. आमच्या घरावरचं चाचांचं पहिलं ऋण हे. त्या दिवसांत त्या गाडीतून दवाखान्यात पोचलेल्यांचं ऋणही त्यातच आलं.

धावपळ ओसरल्यावर लक्षात आलं, गाडी पुढून डावीकडं बसलीय. समोरून बघितलं तर डावा मडगार्ड चाकावर उतरल्यासारखा दिसायचा. शहरातल्या एका गॅरेजात सांगितलं, डाव्या बाजूचा टॉर्शन बार पिळून वर घ्या, तासाभराचं काम. दुसऱ्या एकानं शॉकअप बदलायला सांगितले. वडिलांनी गाडी चाचांकडं आणली, सोबत मी होतो.

चाचांनी गाडीला हात लावला नाही. शेडमधल्या फरशीवर त्यांनी गवंड्याची पारदर्शक नळी पसरली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. चारही चाकं जिथं येणार त्या जागा त्यांनी पाण्यानं मोजल्या. एका कोपऱ्यात जमीन थोडी खाली होती, तिथं पत्र्याचा तुकडा ठेवला. मग म्हणाले, "बेटा, आधी जमीन बघायची, मग गाडी. जमीन तिरपी आसंल तर चांगली गाडी बी तिरपीच दिसती."

नंतर चारही टायरांची हवा सारखी केली. डिकीतला फालतू माल बाहेर काढला; स्टेपनी आणि पाने मात्र जागेवर राहू दिले, कारण गाडी रोज त्यांच्यासकटच चालते. पुढचं बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडलं, परत दाबलं, परत सोडलं. गाडी थोडी मागंपुढं ढकलली. उचलून खाली ठेवलेल्या गाडीचे टायर जमिनीला आडवे ताणून धरतात आणि ती खऱ्या उंचीवर बसतच नाही; चार पावलं चालली की बसते. मग माप. जमिनीपासून मडगार्डापर्यंत नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत. म्हणजे टायरच्या झिजेचा फरक मध्ये येत नाही. जुन्या गाडीचा पत्रा ठोकलेला असतो, म्हणून त्यांनी खाली आडवं पडून सस्पेन्शनच्या हाताची दोन्ही टोकं जमिनीपासून किती उंच आहेत तेही घेतलं. सगळे आकडे खडूनं फरशीवर लिहिले, डावे डावीकडं, उजवे उजवीकडं.

फरक खरा होता, पण पाना अजून निघाला नव्हता. चाचांनी पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं थोडी अधांतरी केली. आता गाडीचा पुढचा भाग एकाच बिंदूवर टेकलेला, म्हणजे झुकायचं की नाही हे फक्त मागच्या पाट्यांच्या कमानी ठरवणार. गाडी तेव्हाही डावीकडंच झुकली. दुखणं मागं होतं. डाव्या कमानीतला एक पाटा तुटला होता. चिखल आणि गंजाखाली ती चीर दिसतच नव्हती. चौरंगाचा एक पाय आखूड झाला की भार शेजारच्या दोन पायांवर येतो. मागचा डावा कोपरा खचला, त्याचा भार पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर गेला, आणि दोष दिसला पुढं. त्या दिवशी डावा बार पिळला असता तर गाडी दिसायला सरळ झाली असती, पण पुढच्या डाव्या चाकावरचा भार आणखी वाढला असता आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली असती.

कमान दुरुस्त होऊन आली, गाडी पुन्हा मोजली. डावीकडं थोडं कमीच निघालं. इतक्या वर्षांच्या ओझ्यानं बार खरंच थोडा बसला होता. आता चाचांनी मला खाली घेतलं आणि बार दाखवला. कॉइल नाही, कमान नाही. गाडीच्या लांबीत, फ्लोअरखालून मागं गेलेला पोलादाचा एक सळईसारखा दांडा. पुढचं टोक खालच्या हाताला, मागचं टोक गाडीच्या सांगाड्याला घट्ट. चाक वर गेलं की दांडा पिळतो, पीळ सुटायला बघतो, तोच गाडीला उचलून धरतो. फियाटच्या पुढच्या चाकांना कॉइल असते. ती बसली की उंचीसाठी बहुधा ती बदलावीच लागते. इथं मात्र दांड्याच्या टोकांना दाते असतात, दात बदलून पीळ कुठून सुरू व्हावा हे ठरवता येतं. अलेक इसिगोनिस यांच्या १९४८ च्या मॉरिस मायनरला पुढं असेच दांडे होते. ॲम्बॅसिडरही मॉरिसच्याच घराण्यातली. पुढं शाळेत मी मुलांना सांगायचो की दांड्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दात बदलल्यानं जाडी बदलत नाही, म्हणून गाडी उंच होते, कडक होत नाही. आणि साधा शॉकअप वजन पेलत नाही, फक्त उसळी शमवतो; तो बदलून उंची येत नाही.

पिळलेल्या बारमध्ये माणसाचा हात मोडेल एवढा जोर साठलेला असतो. चाचांनी गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर घेतली, बारवरचा सगळा ताण उतरवला, मगच बोल्ट सैल केला. जुन्या जागेवर रंगानं खूण करून ठेवली. बारला हातोडी लागू दिली नाही, पकडसुद्धा नाही, कारण पृष्ठभागावरचा एक ओरखडा पुढं तडा होतो. डावा बार उजवीकडं घालायचा नाही हेही सांगितलं. एका दिशेनं पिळायची सवय लागलेलं पोलाद उलट पिळलं की लवकर तुटतं. एक दात सरकवला, जोडलं, गाडी खाली घेतली, दाबली, ढकलली, मोजली.

काम इथं संपत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात आधी मिळालं नसतं. रबराच्या बुशांचे नट त्यांनी तेव्हा नुसते लावून ठेवले होते. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, पूर्ण वजन आल्यावर ते आवळले. अधांतरी आवळले असते तर गाडी खाली येताच रबर पिळलं असतं, माप फसवं आलं असतं आणि बुश लवकर फाटलं असतं. उंची बदलली की चाकांचा कल आणि पुढचं तोंडही बदलतं, म्हणून दोरी लावून टायरॉड जुळवला, मग हेडलाइट. मला शेजारी बसवून नळदुर्गापर्यंत एक फेरी मारली, परत येऊन तीच मापं त्याच जागी घेतली. जुळली, तेव्हा फरशीवरचे आकडे पुसले आणि वहीत लिहून माझ्या हातात दिले.

चाचा शाळेत फार शिकले नव्हते. पण निरीक्षण, नियंत्रित परिस्थिती, कारण वेगळं काढणं, फेरतपासणी, हे सगळं त्या शेडमध्ये मी प्रत्यक्ष बघितलं. वर्गात प्रयोग करताना मी मुलांना पहिला प्रश्न तोच विचारला: तुमचं टेबल सपाट आहे का? निकालाचा राग विद्यार्थ्यावर काढायच्या आधी मी त्याच्या घरची परिस्थिती विचारायला लागलो, कारण दोष दिसतो तिथंच असतो असं नाही, हे मला तुटलेल्या पाट्यानं शिकवलं होतं.

चाचा आता नाहीत. शेडच्या जागी दुकानं झाली, ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, आणि उस्मानाबादचा धाराशिव जिल्हा झाला. जुन्या गाड्या हौसेनं पुन्हा उभ्या करणारी तरुण मुलं आता माझ्याकडं येतात. त्यांना रंग, क्रोम, नवे टायर यांची घाई असते. मी त्यांना आधी पाण्याची नळी आणायला लावतो. चाचांच्या वहीतली मापं मी आमच्या गाडीसाठी वापरतो, पण मुलांना आकडे देत नाही, पद्धत देतो, कारण प्रत्येक गाडीचं ओझं आणि रस्ता वेगळा. आमच्या तालुक्यातले असे कितीतरी मिस्त्री काही न लिहिता गेले. त्यांच्या हातातलं शास्त्र त्यांच्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी मी हे सगळं तपशिलानं लिहिलंय. ज्याला पटेल त्यानं पुढच्याला शिकवावं, आणि शिकवताना उमरग्याच्या मिस्त्रींचं नाव घ्यावं.