सुटेल असा गोंद

पाहायला येणारा प्रत्येक जण रूळ बोटानं हलवून बघतो आणि विचारतो, ‘पक्कं चिकटवलंयस ना रे?’ मला ते पक्कं नकोच असतं. माझ्या प्लायवर बोरघाट आकार घेतोय, मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७. घाटातलं वळण कागदावर कितीही नीट आखलं तरी गाडी तिथेच घसरते आणि रूळ उचलावे लागतात. म्हणून रुळांखाली साधा पांढरा फेव्हिकॉल, तोही पातळ. वाळल्यावर पुरेसा धरतो आणि कोमट पाणी मुरू दिलं की पातीनं रूळ अख्खे सुटतात. इपॉक्सी असतं तर स्लीपर तुटून हातात आले असते.

डोंगर थर्माकोलचे. गणपतीची मखरं कोरण्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना सांगायला नको, पण चपलांना लावतात ते सोल्यूशन इथे चालत नाही. त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो, डोंगराला भोक पडतं. फेव्हिकॉल तसं करत नाही. मात्र दोन मोठ्या शीटांच्या मधल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. मी सलग थर न देता रेघा ओढतो आणि वर वजन म्हणून जुने दिवाळी अंक.

खरं निगुतीचं काम खडीचं. कोरडी पसरायची, स्लीपरांवरची ब्रशनं झटकायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा. मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एकदोन थेंब. ते नसले तर गोंदाचा थेंब खडीवर मोत्यासारखा उभा राहतो आणि घरंगळताना खडे सोबत नेतो. लिक्विड असलं की टेकताक्षणी मुरतो, शेजारच्या खड्यांत सरकत जाताना दिसतो. सुई काढलेली सिरिंज घेऊन यात रात्र जाते. मला ती आवडते. सांध्यापाशी मात्र हात आखडता. सरकत्या पट्ट्यांखाली गोंद शिरला की सांधा जाम, म्हणून वाळेपर्यंत तो अधूनमधून इकडून तिकडे करत राहायचं.

पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळता वाळत नाही. झटपट चिकटणारा गोंद उलट हवेतल्या ओलीवरच आवळतो, तेव्हा सिग्नलच्या शिड्यांसारखी बारीक कामं मी जुलैसाठी राखून ठेवतो. डब्यांच्या खिडक्यांना मात्र तो कुठल्याच ऋतूत नाही. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून पांढरी धुरी धरते. तिथे पुन्हा फेव्हिकॉलच, काडीच्या टोकानं.