अक्षरांची ठेवण

शाळेच्या वार्षिकांकाचे संपादन आमच्याकडे आले, त्यास यंदा तीन वर्षे झाली. संपादन म्हणजे लेख तपासणे, ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे आणि मुखपृष्ठावर समई असावी की डोंगर, यावर सहकाऱ्यांशी वाद घालणे, अशी आमची भाबडी समजूत होती. संगणकावर पाने जुळवण्याचे कामही संपादकाच्याच माथी येते, हे पहिल्याच वर्षी कळून चुकले.

त्या वर्षी अंकात चौपन्न लेख व कविता होत्या. आम्ही प्रत्येक मथळा निवडायचा, तो ठळक करायचा, मोठा करायचा, मध्यभागी आणायचा. मग लेखकाचे नाव उजवीकडे सारायचे. मग पुढचा लेख. सर्व सिद्ध झाल्यावर मुख्याध्यापकांनी पाने चाळली आणि म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे. अंक मुलांपेक्षा त्यांचे आजी-आजोबाच अधिक वाचतात." म्हणणे रास्त होते, म्हणूनच ते अधिक झोंबले. दोन रात्री जागून आम्ही एकेक लेख पुन्हा निवडून अक्षर वाढवले. अंक छापून आल्यावर पाहतो, तो तीन लेख जुन्याच बारीक अक्षरांत राहून गेले होते. त्यांतील एका मुलाची आजी भिंग घेऊन नातवाचा निबंध वाचत होती, हे आम्ही पुढे त्याच्याच तोंडून ऐकले.

दुसऱ्या वर्षी आमची ही उठाठेव नववीतील एक विद्यार्थिनी शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "सर, प्रत्येक मथळ्याला पुनःपुन्हा का सांगता? मथळा कसा दिसायचा ते एकदाच सांगून ठेवा ना." आणि तिने वर्डमधील 'स्टाइल्स'चा कप्पा उघडला.

वस्तुतः ही गोष्ट आम्हांस नवी वाटायला नको होती. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळी संपादक हस्तलिखिताच्या समासात नुसते 'मथळा', 'उपमथळा' असे लिहून देई. कोणत्या मापाचा खिळा घ्यायचा हे छापखान्यात एकदा ठरलेले असे. स्टाइल म्हणजे समासातील ती खूणच. एक मथळा मनाजोगता सजवावा, तो निवडावा, 'क्रिएट अ स्टाइल' म्हणावे आणि तिला नाव द्यावे. नाव देवनागरीत चालते. आम्ही 'लेखाचा मथळा', 'लेखकाचे नाव', 'मजकूर' आणि 'कविता' अशी चार नावे ठेवली. पुढे मथळ्याचे अक्षर बदलायचे झाले, तर ते 'मॉडिफाय' मध्ये एकाच ठिकाणी बदलायचे. ती खूण ल्यालेले सर्व मथळे आपोआप बदलतात. मथळ्यानंतर लेखकाचे नाव येणार, हेही सांगून ठेवता येते. मग एंटर दाबताच पुढची ओळ योग्य रूप घेऊनच उभी राहते.

अडचणी आल्याच. 'मजकूर' या स्टाइलचे अक्षर आम्ही चौदा पॉइंट केले. इंग्रजी शब्द तेवढे फुगले, मराठी मात्र तसूभर हलेना. शोधाअंती उमगले की वर्डच्या लेखी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स' लिपी असून तिच्या अक्षराचा घाट व आकार फाँटच्या चौकटीत वेगळ्या रकान्यात भरावा लागतो. दुसरा प्रसंग अधिक गमतीचा. 'ऑटोमॅटिकली अपडेट' या शब्दांपुढे आम्ही उत्साहाने खूण केली होती. एका मुलाने आपल्या कवितेचे एक कडवे ठळक केले, आणि क्षणार्धात अंकातील साऱ्या कविता, वसंत ऋतूपासून स्वातंत्र्यदिनापर्यंत, ठळक होऊन बसल्या! ती खूण आम्ही तत्काळ काढली. वाचकांनीही तिच्या वाटेस जाऊ नये.

परंतु हे सारे लिहिण्यास बसलो, ते निराळ्याच एका स्टाइलमुळे. परिच्छेदाप्रमाणे एखाद्या शब्दापुरतीही स्टाइल करता येते. लेखांत येणाऱ्या इंग्रजी पुस्तकांच्या नावांसाठी आम्ही तशी एक केली, अक्षर तिरके ठेवले आणि तिचे नाव ठेवले 'परके शब्द'. मग हाताच्या ओघात मुलांच्या लेखांतील कोंकणी शब्दांनाही तीच लावत गेलो.

त्या विद्यार्थिनीने आपल्या आजोबांच्या खाजन शेतीवर निबंध लिहिला होता. त्यात 'न्हंय' होती, 'मळब' होते, 'मानस' होते. ती आपला निबंध पडद्यावर वाचत असता एका शब्दावर टिचकी मारून थांबली. कप्प्यात स्टाइलचे नाव उमटले होते. ती म्हणाली, "सर, न्हंय परकी कशी?"

आम्ही तिला उत्तर दिले ते असे : तुझा निबंध गोव्याबाहेरचे मराठी वाचकही वाचतील. मानस म्हणजे भरतीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारे दार, हे त्यांना ठाऊक नाही. ते त्याचा अर्थ 'मन' असा घेतील. म्हणून शब्द वेगळा दाखवायचा. उत्तर खोटे नव्हते. पण तिने विचारले होते ते हे नव्हते. आम्ही आईशी कोंकणीत बोलतो, आई पोथी मराठीत वाचते, आणि या दोहोंत तिला कधी उंबरठा ओलांडावा लागलेला आम्ही पाहिला नाही. तो उंबरठा आम्ही मात्र दोन टिचक्यांत घातला होता.

याच भूमीत १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला. १६१६ साली राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्याची भाषा मराठी, तीत कोंकणी शब्दांची मिसळ, आणि देवनागरी खिळे नसल्यामुळे छपाई रोमन अक्षरांत. त्याच ग्रंथकाराचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. परदेशातून आलेल्या त्या पुरुषालाही दोन्ही भाषा आपल्याशा वाटल्या. आम्ही तर येथलेच.

त्या रात्री इंग्रजी नावे, अवघी नऊ होती, निवडून त्यांस निराळी स्टाइल दिली. मग 'परके शब्द' उघडून त्याचे नाव 'घरचे शब्द' केले व तिरकेपणा काढून टाकला. देवनागरीस तो मुळी शोभतही नाही. शिरोरेषा आडवी राहते आणि बिचारे काने तेवढे कलतात. एका क्षणात साठाच्या वर ठिकाणचे शब्द ताठ उभे राहिले. सहकारी म्हणाले, "वेगळे दिसायचेच नाही, तर स्टाइल कशाला?" त्याचेही कारण आहे. स्टाइलमध्ये भाषा 'कोंकणी' अशी नोंदवली, तेव्हा मराठी शुद्धलेखन तपासणीच्या तांबड्या नागमोडी रेघा त्या शब्दांखालून गेल्या. शिवाय स्टाइलच्या नावावर उजवी टिचकी मारून तिचे सारे शब्द एकदम निवडता येतात. त्यांतूनच अंकाच्या शेवटी अर्थांसह शब्दसूची झाली. 'मानस' शब्दाचा अर्थ त्या मुलीने स्वतः लिहिला. आम्ही लिहिलेल्यापेक्षा तो चांगला होता, म्हणून आमचा गाळला.

यंदा नव्या अंकासाठी कोरे पान उघडले, तर एकही स्टाइल जागेवर नाही! गतवर्षी त्या सर्व 'ओन्ली इन धिस डॉक्युमेंट' या खुणेखाली राहिल्या होत्या. त्या विद्यार्थिनीने शाळा सोडली आहे, विचारावे कोणास? अखेर जुन्या अंकाची फाईल उघडली, तिच्या प्रतीतील सर्व मजकूर पुसला, आणि उरलेले कोरे पान 'वर्ड टेम्प्लेट' म्हणून साठवले. मजकूर गेला तरी स्टाइल्स राहतात. आता नवा अंक त्या टेम्प्लेटवरूनच उघडतो.

त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर आहे. दुसरी पेनड्राइव्हवर असून तो शिक्षकखोलीतील कपाटाच्या दुसऱ्या खणात, खडूंच्या डब्याशेजारी ठेवला आहे. पुढील संपादकांनी तेथे पाहावे.