सोडियम तपासून घे

चि. बाळ्या,


आई फोनवर म्हणाली, तुझी फिटची गोळी बदलली. आता ऑक्सकार्बाझेपिन चालू आहे, आणि तेव्हापासून डोकं जड, मळमळ, चालताना झोक जातो. तू म्हणे नाइट शिफ्टला दोष देतोस. खराबवाडीच्या कारखान्यात भट्टीसमोर पाळी काढून कुणाचंही डोकं जड होईल, हे खरं. पण माझी सारी नोकरी वॉर्डात गेली, मला वेगळीच शंका येते.

ही गोळी काय किंवा आधीची कार्बामाझेपिन काय, दोन्ही मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतात. लघवीवाटे जायचं पाणी अंगातच राहतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. ते 135 ते 145 हवं. 125च्या खाली गेलं की माणूस पेंगतो, बरळतो, त्याला फिटही येऊ शकते. मग घरच्यांना वाटतं जुनाच आजार उसळला. डोस वाढतो, सोडियम आणखी खाली जातं. मला भीती वाटते ती याची. एकदा कॅज्युअल्टीत चाकणचा एक कामगार आणला होता. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, पाळी कोणती विचारलं तर गावाचं नाव सांगायचा. सोबतचे म्हणाले, प्यायलाय. रिपोर्ट आला तेव्हा सोडियम 118 होतं.

शॉपमध्ये सगळे म्हणतील, भरपूर पाणी पी. टोपिरामेट घेणाऱ्याला तो सल्ला बरोबर, कारण त्या गोळीने घाम कमी होतो, मुतखडा होऊ शकतो. तुझी गोळी वेगळी. तहान नसताना बाटल्या रिचवू नकोस, पण त्या उष्णतेत मनानेच पाणी तोडूही नकोस. जास्तीचं मीठ खाऊनही हे भागत नाही. फार उतरलेलं सोडियम दवाखान्यातच, हळूहळू चढवावं लागतं. घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते. आणि गोळी स्वतःहून बंद करायची नाही, एकामागून एक फिट येऊ शकतात.

गुरुवारच्या सुट्टीची वाट बघू नकोस. उद्या सकाळीच ईएसआयचं कार्ड घेऊन मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलला जा, नाहीतर वायसीएम हॉस्पिटलला. भट्टीवर काम करतो, घाम किती येतो, पाणी किती पितो, गोळी कधी बदलली, सगळं सांग आणि सोडियम तपासायला लाव. एकटा जाऊ नकोस, गाडी चालवू नकोस. रिपोर्टचा फोटो मला लगेच पाठव.

तुझी,
ताई